वकिली सोडली, पहिला धंदा बसला, मग कुलूप बनवलं आणि घरोघरी गोदरेजचं कपाट आलं

रसायनीत, मोहोपाड्यात किंवा खोपोलीकडे कुणी नवीन फ्लॅट घेतला की गृहप्रवेशाच्या आधी एक माणूस हमखास घरात येतो. तो म्हणजे सुतार.

कानाला पेन्सिल, हातात टेप. तो बीमखाली बघतो, कॉलमच्या बाजूला पडलेली बोळवजा जागा बघतो, बेडरूमच्या दारावर माळा काढता येईल का ते बघतो. रो हाऊस असेल तर जिन्याखाली वाकून येतो. मग इथून तिथपर्यंत फर्निचर कसं बसवायचं ते सांगायला लागतो.

आणि बोलता बोलता एका कोपऱ्याकडे बोट दाखवून विचारतो, हे लोखंडी कपाट भंगारात घालायचं ना?

इथं घरात पहिली ठिणगी पडते.

कारण ते नुसतं लोखंडी कपाट नसतं. ते गोदरेजचं कपाट असतं. आईच्या लग्नात आलेलं. आरशावर कधीतरी चिकटवलेली टिकली अजून तशीच असते. आतल्या लॉकरमध्ये एके काळी मंगळसूत्र, एलआयसीचे कागद, रेशनकार्ड आणि दहावीचं मार्कशीट एकत्र नांदलेलं असतं. भले ते दुसऱ्याच कुठल्या कंपनीचं असेल, आपल्याकडे स्टीलच्या कपाटाला गोदरेजच म्हणतात.

मग प्रश्न पडतो. भिंतीत बसणाऱ्या फर्निचरच्या जमान्यात हे साडेसहा फुटी धूड ठेवायचं की काढायचं?

याचं उत्तर शोधायचं तर ज्या माणसाच्या नावानं हे कपाट ओळखलं जातं, त्याची गोष्ट आधी माहीत पाहिजे. त्यांचं नाव अर्देशीर बुर्जोरजी गोदरेज.

अर्देशीर यांचा जन्म 26 मार्च 1868 चा, मुंबईतल्या पारशी कुटुंबातला. सहा भावंडांत ते थोरले. घराण्याचं आडनाव मुळात गुथेराजी. वडील बुर्जोरजी यांनी ते बदलून गोदरेज केलं. घरची परिस्थिती बरी होती. पोरगा शिकला, कायद्याची पदवी घेतली. सगळं कसं ठरल्यासारखं चाललं होतं.

1890 मध्ये त्यांचं लग्न झालं. बायकोचं नाव बचूबाई.

आणि वर्षभरातच घात झाला. 25 एप्रिल 1891 ला बचूबाई आणि त्यांच्या नात्यातली एक मुलगी, पिरोजबाई, मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर बघायला गेल्या होत्या. दोघीही टॉवरवरून खाली पडून गेल्या. त्या काळात या प्रकरणाने सगळी मुंबई हादरली होती. खटला चालला, वर्तमानपत्रं भरून गेली, पण त्या दिवशी वर नेमकं काय घडलं ते कधीच ठामपणे सिद्ध झालं नाही.

अर्देशीर तेव्हा 23 वर्षांचे होते. त्यांनी परत लग्न केलं नाही. मूलबाळही नव्हतं. पुढची पंचेचाळीस वर्षं हा माणूस एकटाच राहिला.

1894 मध्ये ते वकील म्हणून कामाला लागले आणि एका खटल्यासाठी त्यांना पार आफ्रिकेत, झांझिबारला पाठवण्यात आलं. तिथं गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की अशिलाच्या बाजूने जे मांडायचंय त्यात सगळंच खरं नाही. ते मांडायला त्यांनी नकार दिला. समजावणारे बरेच भेटले, वकिलीत हे चालतंच असंही सांगून झालं. पण गडी हलला नाही. 1895 मध्ये केस सोडून, वकिली सोडून अर्देशीर मुंबईला परतले.

परत आले ते बेकार म्हणूनच. एका औषधाच्या दुकानात मदतनीस म्हणून काम धरलं. तिथं त्यांना दिसलं की डॉक्टर जी हत्यारं वापरतात, कात्र्या, चिमटे, शस्त्रक्रियेच्या सुऱ्या, ती सगळी विलायतेहून येतात. मग ही इथंच का बनवू नयेत?

वडिलांचे मित्र मेरवानजी कामा यांच्याकडून त्यांनी 3,000 रुपये कर्ज घेतलं. हत्यारं बनवली. माल चांगला झाला. घेणारा व्यापारीही तयार झाला, फक्त त्याची एक अट होती. मालावर इंग्लंडमध्ये बनवल्याचा शिक्का मारायचा. देशी शिक्का बघून कुणी हात लावणार नाही, असं त्याचं म्हणणं.

अर्देशीर यांचं म्हणणं, माल हिंदुस्थानात बनलाय तर शिक्काही हिंदुस्थानचाच लागणार.

सौदा मोडला. धंदा बसला. डोक्यावर कर्ज तेवढं राहिलं.

आता बघा, तिशीही गाठली नव्हती तोवर बायको गेली, वकिली गेली, पहिला धंदाही गेला. यातल्या दोन गोष्टी तर त्यांनी हातानं सोडल्या होत्या. थोडं खोटं बोलले असते तर दोन्ही टिकल्या असत्या.

झालं असं की, त्याच सुमारास पेपरात एक बातमी आली. मुंबईत घरफोड्या वाढल्यात आणि लोकांनी आपापल्या घराचा बंदोबस्त नीट करावा, असं पोलिसांनी सांगितलं होतं. बातमी वाचून बाकीच्यांनी दाराची कडी तपासली असेल. अर्देशीर यांनी मात्र कुलूप उघडून आत काय असतं ते बघायला सुरुवात केली.

परत मेरवानजी कामांकडे गेले. कामांनी परत पैसे दिले. पुढे कामांच्या बॉईस नावाच्या भाच्याला भागीदार म्हणून घेतलं, तो काही फार दिवस टिकला नाही, पण नाव तसंच राहिलं. गोदरेज ॲन्ड बॉईसमधला बॉईस तो हा.

7 मे 1897. लालबागमध्ये बॉम्बे गॅस वर्क्सच्या शेजारी 215 चौरस फुटांची एक शेड. म्हणजे आजच्या वन बीएचकेचा जरा मोठा हॉल. त्यात गुजरात आणि मलबारकडून आणलेले बारा कारागीर. एवढ्यावर कुलपाचा कारखाना सुरू झाला.

पहिली कुलपं अँकर या नावानं विकली गेली. तेव्हा बाजारात कुलपं नव्हती असं नाही. पण एकाची किल्ली दुसऱ्याला लागायची हीच तर रड होती. अर्देशीर यांनी हमी दिली की प्रत्येक कुलपाची किल्ली वेगळी असेल.

मग ते एकेक दुबळा भाग शोधत गेले. कुलपातली स्प्रिंग गंजते, तुटते आणि ऐन वेळी कुलूप अडतं. म्हणून त्यांनी स्प्रिंगच नसलेलं कुलूप तयार केलं आणि त्याचं पेटंट घेतलं. एक किल्ली हरवली किंवा नको त्या हातात पडली तर काय? म्हणून दोन किल्ल्यांचं कुलूप आणलं, ज्यात एक किल्ली फिरवून दुसरी निकामी करता यायची.

अर्देशीर यांची डोकं लावायची पद्धत इथं दिसते. वस्तू कशी दिसेल हा प्रश्न नंतर. आधी प्रश्न हा की ती कुठं दगा देईल.

1902 मध्ये त्यांनी तिजोरी बनवली. तिजोरीला दोन शत्रू, चोर आणि आग. चोरासाठी जाड पोलाद आणि चांगलं कुलूप पुरेसं होतं. आगीचं गणित वेगळं. लोखंड जळत नाही, पण तापतं. तिजोरी शाबूत राहते आणि आतल्या नोटांचा कोळसा होतो. म्हणून आगीच्या तिजोरीला दुहेरी भिंत लागते आणि मधल्या पोकळीत उष्णता अडवणारा माल भरावा लागतो. गोदरेजने आपल्या तिजोऱ्या लोकांसमोर आगीत घालून दाखवल्या. 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टायकिन जहाजाचा स्फोट झाला, आजूबाजूचा परिसर जळून गेला, तेव्हाही तिजोऱ्यांमधले कागद वाचले, हे कंपनीच्या इतिहासात आवर्जून सांगितलं जातं. पण ते बघायला अर्देशीर नव्हते.

आता येऊया कपाटाकडे.

त्याआधी आपल्या घरांत सामान कुठं असायचं? भिंतीत. कोकणातलं जुनं घर आठवा. देवासाठी, दिव्यासाठी कोनाडा. ताक-लोणच्यासाठी फडताळ. वर माळा, त्यावर पावसाळ्याची बेगमी. भिंत हात-दीड हात जाड, त्यामुळे तिच्या पोटात जागा निघायची. आज ज्याला आपण बिल्ट-इन फर्निचर म्हणतो ते आपल्या आजीच्या घरात होतंच, फक्त त्याचं वेगळं बिल येत नव्हतं.

पण हे सगळं कुणाला जमतं? ज्याचं घर स्वतःचं आहे त्याला.

मुंबईत गिरणीत आलेल्या माणसाचं घर स्वतःचं नव्हतं. चाळीतली दहा बाय बाराची खोली, भाड्याची. भिंत मालकाची, तिला खिळा मारायचा तरी विचार करावा लागायचा. सामान ट्रंकेत नाहीतर लाकडी पेटाऱ्यात. लाकडाला वाळवी, ट्रंकेला गंज, आणि खालचं काढायचं तर वरचं सगळं उपसायचं.

1923 मध्ये गोदरेजने पोलादी कपाट बनवायला घेतलं.

त्यातली गंमत पत्र्याच्या घडीत आहे. एक साधा पातळ पत्रा हातात धरला तर तो लवतो. त्याच पत्र्याच्या कडा काटकोनात दुमडल्या की तो ताठ होतो. म्हणजे जाड लोखंड न वापरताही मजबुती मिळते. कपाट खाली पायांवर उभं, त्यामुळे फरशीची ओल थेट लागत नाही आणि खालून केरसुणी फिरते. आत खण, कपडे लटकवायला दांडी आणि एक कुलपाचा लॉकर. अर्देशीर यांनी जे कुलपात आणि तिजोरीत शिकलं ते सगळं एका उभ्या पेटीत आलं होतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ते भिंतीचं नव्हतं. घर बदललं की चार माणसं लावून टेम्पोत चढवता येत होतं.

त्याच दशकात तिकडे जर्मनीत बरोबर उलटा प्रयोग चालू होता. 1926 मध्ये मार्गारेट शुट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन आर्किटेक्ट बाईंनी फ्रँकफर्टच्या कामगार वस्तीसाठी जेमतेम साडेसहा चौरस मीटरचं स्वयंपाकघर आखलं. बाई किती पावलं चालते, हात कुठवर पोहोचतो ते मोजून कपाटं भिंतीतच बसवली. डाळ-पिठासाठी ओढून काढायचे डबे ठरलेल्या जागी. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं झाली. आजच्या मॉड्युलर किचनचं मूळ तिथं सांगतात.

तिकडे घराच्या मापाचं कपाट, इकडे कुठल्याही घरात जाईल असं कपाट. कोणतं बरोबर? दोन्ही. फक्त ते घर कुणाचं आहे यावर अवलंबून.

रसायनीला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

1960 मध्ये हिंदुस्तान ऑर्गॅनिक केमिकल्स म्हणजे एचओसी स्थापन झाली, पाताळगंगेच्या काठी कारखाना उभा राहिला आणि या भागाला रसायनी हे नावच रसायनांच्या उद्योगामुळे मिळालं. कारखान्याबरोबर वसाहत आली, क्वार्टर्स आली. क्वार्टर कंपनीचं, नोकरी असेपर्यंतच. तिथं कोण भिंतीत फर्निचर करणार? म्हणून कपाट आलं ते स्टीलचं. पगारातून पैसे साठवून घेतलेलं, नाहीतर लग्नात आलेलं.

2017 मध्ये केंद्र सरकारने रसायनीचा हा कारखाना बंद करायचा निर्णय घेतला. इस्रोला लागणारं रॉकेटचं रसायन बनवणारा विभाग तेवढा इस्रोकडे गेला. बाकीच्यांनी पसारा आवरला. आयुष्यभराचं क्वार्टर सोडताना माळ्यावरच्या फळ्या आणि भिंतीतल्या खुंट्या मागेच राहतात. कपाट मात्र माणसाबरोबर निघतं.

अर्देशीर यांनी स्वतःही असंच सगळं मागे सोडलं.

कुलूप, तिजोरी झाल्यावर 1918 मध्ये त्यांनी जनावराच्या चरबीऐवजी वनस्पती तेलापासून साबण बनवून दाखवला. 1921 मध्ये टिळक स्वराज्य फंडाला 3 लाख रुपये दिले. त्या काळातले 3 लाख! पण स्वदेशी आहे म्हणून कसाही माल खपवावा हे मात्र त्यांना कधीच पटलं नाही. देशी माल विलायती मालाच्या तोडीचा असला तरच तो टिकेल, यावर ते ठाम होते आणि याबाबतीत गांधीजींशीही त्यांचा मतभेद होता. शिक्क्यावरून पहिला धंदा बुडवलेल्या माणसाला हे बोलायचा अधिकार होताच.

1928 मध्ये कारखाना चौदा वर्षांनी धाकटे असलेले भाऊ पिरोजशा यांच्या हाती सोपवून ते नाशिकला शेती करायला निघून गेले. तिथंही त्यांचे प्रयोग चालूच राहिले. जानेवारी 1936 मध्ये ते गेले. पुढे पिरोजशांनी 1943 मध्ये विक्रोळीची जमीन घेतली, कारखाना तिकडे हलला आणि देशाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लाखो मतपेट्या तिथंच तयार झाल्या. अलीकडे 2022 मध्ये गोदरेज ॲन्ड बॉईसने आपल्या खालापुरात नवा कारखाना उभारायची घोषणा केली. लालबागच्या 215 फुटांतून निघालेला माणूस एका अर्थाने रसायनीच्या शेजारी येऊन पोहोचला.

आता परत त्या सुताराकडे. तो अजून टेप घेऊन उभा आहे.

अर्देशीर यांच्या पद्धतीने विचार केला तर अडचणीच्या जागेत फर्निचर करण्याआधी तीन प्रश्न विचारायचे. इथं काय ठेवणार? त्या वस्तूला कशाचा धोका आहे? आणि ती कोण, किती वेळा काढणार? सनमायकाचा रंग या तिन्हीनंतर.

आपल्याकडे पहिला धोका ओलीचा. कोकणातला पाऊस पश्चिम आणि नैऋत्येकडून झोडपतो. त्या बाजूच्या बाहेरच्या भिंतीला प्लायवूडची पाठ चिकटवून कपाट केलंत तर दुसऱ्या पावसाळ्यात आतल्या साड्यांना बुरशीचा वास येणार. भिंतीपासून दोन बोटं अंतर सोडा, आत हवा फिरायला भोकं ठेवा, आणि गाद्या-कपड्यांचं कपाट शक्यतो आतल्या भिंतीला घ्या.

बीमखालची उथळ जागा सहा ते नऊ इंचांची असते. तिथं कपडे कोंबायचा हट्ट नको, पुस्तकं किंवा डबे छान बसतात. हँगरवरच्या कपड्यांना बावीस ते चोवीस इंच खोली लागते, घडीच्या कपड्यांना पंधरासोळा इंच पुरतात. जिन्याखाली खोल कपाट केलं तर मागचं सामान कायमचं हरवतं, तिथं चाकावर बाहेर येणारे खण करा. माळ्यावर तेच ठेवा जे वर्षातून दोनदा लागतं, आणि चढणार कोण ते आधी ठरवा. घरात सत्तरीची आई असेल तर गणपतीची भांडी माळ्यावर टाकायची नाहीत.

कोनाड्याचं माप एकदाच घेऊ नका. वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी घ्या. भिंत क्वचितच ओळंब्यात असते. सगळ्यात कमी भरेल ते खरं माप.

आणि आईचं कपाट?

ते भंगारात घालायची काहीच गरज नाही. सुताराला सांगा, फर्निचर त्याच्याभोवती करायचं. कपाट साधारण तीन फूट रुंद. कोनाड्यात बसवताना दोन्ही बाजूंना दोनेक इंच सोडा आणि कपाटाचं तोंड भिंतीच्या कडेबरोबर आणा, नाहीतर दारं पूर्ण उघडणार नाहीत आणि आतला लॉकर अडेल. समोर निदान तीन फूट मोकळी जागा ठेवा. छतापर्यंत वर जी अडीच-तीन फूट जागा उरते तिथं दारांचा माळा काढा. पण माळ्याचा भार भिंतीवर घ्या, कपाटावर टेकवू नका.

म्हणजे उद्या घर बदलायची वेळ आली तर माळा राहील आणि कपाट बाहेर निघेल.

अर्देशीर यांच्या कारखान्यातून निघालेल्या या वस्तूचा सगळा जीव त्यातच आहे. घर बदललं, तरी आतलं जपलेलं आपल्याबरोबर आलं पाहिजे.